पिशवी काढलेल्या बाईला दिवस गेले

पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी बायकांचा कट्टा जमतो. मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते हे एकदा कुणाच्या तरी तोंडून फुटलं आणि तेव्हापासून माझा चालण्याचा व्यायाम बंद पडला. एक फेरी धड पूर्ण होत नाही. कुणी पायाची नस दाखवतं, कुणी सुनेचा रिपोर्ट मोबाईलवर उघडून पुढे धरतं. मागच्या महिन्यात बी विंगमधल्या एका बाईंनी मला जिन्याच्या आडोशाला नेलं आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "सिस्टर, पिशवी काढल्यावर दिवस जातात का हो?"

मी वय विचारलं. त्रेपन्न.

"ताई," मी म्हटलं, "तुम्ही बिनघोर राहा."

पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत तो मला किती जणींनी विचारला असेल याला गणती नाही. विचारणाऱ्या काही जणींच्या डोळ्यांत धास्ती असते. काही जणींच्या डोळ्यांत वेडी आशा असते, आणि त्यांना उत्तर देताना माझी जीभ अडखळते. म्हणून आधी सरळ उत्तर देऊन टाकते. मूल वाढतं ते पिशवीत, म्हणजे गर्भाशयात. ती पूर्ण काढली की पाळी संपली आणि मूल वाढवणंही संपलं. पिशवीच्या दोन बाजूंना बदामाएवढे दोन बीजांडकोश असतात. ते बरेचदा डॉक्टर ठेवतात, कारण बाईच्या शरीराला लागणारी हार्मोन्स तिथं तयार होतात. तिथं बीजही तयार होत राहतं, पण त्याला रुजायला घरच उरलेलं नसतं. अगदी क्वचित, म्हणजे मी उभ्या नोकरीत एकदाही पाहिलं नाही इतकं क्वचित, ते पोटात भलत्याच ठिकाणी रुजतं असं डॉक्टर सांगतात. तसं झालं तर बाईच्या जिवावर बेततं. तेव्हा पिशवी काढलेल्या, पण चाळिशीच्या आतबाहेरच्या बाईच्या पोटात एकाएकी कळ आली, चक्कर आली, तर ओवा चावत घरी बसू नये. दवाखाना गाठावा.

एवढं सांगितलं की कट्टा पांगायला हरकत नसते. पण मी हटकून पुढचं एक वाक्य बोलते आणि मग कुणीच उठत नाही. पिशवी काढलेल्या एका बाईला दिवस गेलेले मी पाहिलेत. "अहो, आत्ता तर म्हणालात एकदाही नाही!" असा गलका होतो. दोन्ही खरं आहे. ते कसं, हे आज लिहून टाकते, म्हणजे माझा संध्याकाळचा व्यायाम तरी सुरू होईल.

त्यासाठी आधी थिएटरच्या दाराबद्दल सांगायला हवं. लोकांना वाटतं थिएटरची सिस्टर म्हणजे डॉक्टरांनी हात पुढे केला की कात्री ठेवणारी बाई. ते काम आहेच. पण आमच्या हॉस्पिटलात तिला आणखी एक काम असायचं, ते म्हणजे ट्रे दाखवण्याचं. पोटातून जे काही काढलं ते स्टीलच्या ट्रेमध्ये घ्यायचं, दार अर्धं उघडायचं, पेशंटच्या नावानं हाक मारायची आणि नातेवाइकांना दाखवायचं. दाखवल्याशिवाय आमच्या लोकांचा विश्वास बसत नाही. चिंचवडचा इंजिनियर असो की खेडचा शेतकरी, ट्रे बघितल्यावरच त्याच्या चेहऱ्यावर 'झालं ऑपरेशन' असं उमटतं.

या दारात मी काय काय पाहिलंय! बायकोच्या पित्ताशयातले खडे व्हिडिओ कॉलवर लातूरच्या मेव्हण्याला दाखवणारा गृहस्थ पाहिला. "मला कशाची शिसारी नाही" म्हणत पुढे आलेला आणि ट्रेवरचा कपडा उचलताच सरळ जमिनीवर आडवा झालेला पैलवान पाहिला. त्याला उचलायला तीन वॉर्डबॉय लागले, आणि शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, पाय घसरला. एक आजी मात्र माझ्या मनातून जात नाहीत. लेकीची पिशवी काढली होती. आजींनी ट्रेजवळ येऊन डोक्यावर पदर घेतला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "माझी तीन नातवंडं हिच्यात वाढली, माय." 

दारातलं माझं बोलणं ठरलेलं असायचं. "बघून घ्या. एवढं काढलं. पेशंट बरी आहे." तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, अंगात हिरवा गाऊन. त्या अवतारात मला माझ्या आईनंही ओळखलं नसतं. आणि मागे टेबलावर बहुतेक वेळा पुढची केस यायची असायची.

नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत माझे गुडघे कुरकुरायला लागले. तासन्‌तास उभं राहणं जमेना, म्हणून मला खाली ओपीडीत बसवलं. काम साधं होतं. स्कॅनला किंवा ऑपरेशनला जाणाऱ्या पेशंटची माहिती लिहून घ्यायची आणि तयारी करून द्यायची. तिथं मी माझा एक हट्ट चालवला. पाळीच्या वयातली बाई असली की लघवीची तपासणी करायचीच, दिवस गेलेत का बघायला. लग्न न झालेली असो, विधवा असो, नवरा दुबईला असो. फार पूर्वी एका विधवा बाईला मी न विचारता एक्स-रेला पाठवलं होतं. त्याचं पुढं काय झालं ते इथं लिहीत नाही. हॉस्पिटलचा नियम नव्हता, माझा होता, आणि त्यावरून तरुण डॉक्टर माझी मनसोक्त थट्टा करायचे.

एका सकाळी माझ्यासमोर रूपाली येऊन बसली. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची, सावळी, तोंड उतरलेलं. सोबत नवरा, संतोष, अंगात कंपनीचा निळा शर्ट. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत कामाला होता, पहिली शिफ्ट बुडवून आला होता. सर्जननी पोट तपासून सीटी स्कॅन लिहिला होता. ओटीपोटात गाठ.

"सिस्टर, कॅन्सर असंल तर मला सांगा," संतोष हळूच म्हणाला. "हिला नका सांगू."

"हिला ठावं हाय," रूपाली समोर बघतच म्हणाली.

मी विचारत गेले, ती सांगत गेली. चार-साडेचार वर्षांपूर्वी पिशवी काढली. मूलबाळ नाही. गेले काही महिने अन्नावर वासना नाही, उलट्या होतात, पोट कडक लागतंय आणि वाढतंय. मी सगळं लिहिलं आणि तिच्या हातात लघवीची बाटली दिली. सर्जन मागून जात होते. "सिस्टर, पिशवी काढलीय हो तिची," ते हसून म्हणाले. "आता हिची पण टेस्ट करणार?"

"हो सर. मला तेवढंच येतं."

पट्टीवर दोन रेघा आल्या. मी दुसरी पट्टी घेतली. पुन्हा दोन. तेवढ्यात सीटीवाल्याचा फोन आला की पेशंट पाठवा. मी म्हटलं, पेशंट येत नाही. आणि गुडघे विसरून जिना चढून बायकांच्या विभागातल्या मोठ्या डॉक्टर मॅडमना गाठलं.

मॅडमनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा बदलला. "पिशवी खरंच काढली असेल," त्या म्हणाल्या, "तर हे मूल पोटात कुठंतरी बाहेर आहे. आतड्यावर असेल, कुठंही असेल. कधीही रक्तस्राव होईल. सोनोग्राफी आत्ता करा, थिएटरला सांगून ठेवा, रक्ताची सोय बघा." मघाशी हसणारे सर्जन स्वतः रक्तपेढीला फोन लावायला धावले. संतोषला मी एवढंच सांगितलं की कॅन्सर दिसत नाही, पण दुसरं काहीतरी आहे आणि ते तातडीचं आहे. त्यानं मोबाईल खिशात ठेवला आणि तो पुन्हा पुन्हा बाहेर काढत राहिला.

सोनोग्राफीच्या खोलीत मी रूपालीच्या उशाशी उभी राहिले. डॉक्टरांनी यंत्र पोटावर फिरवलं, थांबले, पुन्हा फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिची पिशवी काढलीय असं कुणी लिहिलं?"

"मी. तिनं सांगितलं तसं."

"मग ही काय आहे?"

पडद्यावर पिशवी होती. चांगली जाड भिंतीची, जागच्या जागी. आणि तिच्यात बाळ होतं, हातपाय हलवत होतं. मॅडम आत आल्या, त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या. मग रूपालीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "बाळा, तुझी पिशवी आहे. कुणी काढलेली नाही. तुला पाचवा महिना लागतोय. बाळ अगदी छान आहे."

रूपालीनं मान फिरवली. "न्हाई मॅडम. पेशंटसमोर तुमी लोक आसंच बोलता. मला म्हाईत हाय."

डॉक्टरांनी आवाज मोठा केला. टकटक, टकटक, धावल्यासारखा.

"ह्यो मशीनचा आवाज हाय?"

"नाही ग. तुझ्या बाळाचं काळीज आहे ते."

तिनं माझं मनगट पकडलं. ओरडली नाही, रडली नाही. नुसतं पकडलं, इतकं घट्ट की माझ्या बांगडीचा वळ दोन दिवस राहिला. थिएटरला मी स्वतः फोन करून सांगितलं, तयारी उतरवा, आम्ही येत नाही. एवढ्या वर्षांत थिएटरला असा निरोप देताना मला कधी इतका आनंद झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रूपालीची सासू आली. हौसाबाई. चाकणच्या पुढं भामा नदीच्या काठी त्यांचं गाव, घरची थोडी शेती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली जुनी फाईल. ती आमच्याच हॉस्पिटलची निघाली. तेव्हाच्या डॉक्टरबाई सोडून गेल्या होत्या, पण त्यांचं अक्षर मी ओळखलं. इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की पिशवीच्या भिंतीतली नारळाएवढी गाठ काढली, पिशवी शाबूत ठेवली. मॅडमनी ते मराठीतून वाचून दाखवलं. हौसाबाईंनी ऐकून घेतलं आणि डोकं हलवलं.

"कागद कायबी म्हणू द्या. म्या सोताच्या डोळ्यांनी ट्रेमधी बगितली. माझ्या जावंची काढली तवा बी बगितली हुती, आशीच लाल-पांढरी. मला काय कळत न्हाई व्हय?"

"आणि डॉक्टर काही बोलल्या नाहीत तुमच्याशी?" मॅडमनी विचारलं.

"बोलल्या की. हिच्या खाटंपाशी हुब्या राहून म्हणल्या, वरीसभर दिवस ऱ्हाऊ देऊ नका. म्या मनात म्हणलं, पोरगी शुद्धीत हाय, दोन वर्सं झाल्याती लग्नाला. तिच्या तोंडावर कशा सांगतील पिशवी काढली म्हून? आमच्या मालकांला शेवटचा आजार झाला तवा बी डॉक्टर त्यांच्यासमोर हसून बोलायचे."

आता तुम्ही हसाल. मला हसू आलं नाही, कारण त्या बाईचं काय चुकलं ते मला सांगता येईना. वाईट बातमी पेशंटपासून लपवायची, हे आपल्याकडे घराघरांत चालतं. आम्हीही हॉस्पिटलात तेच करतो, आदल्याच दिवशी संतोषनं मला तेच सांगितलं होतं. मग पेशंटला सांगितलेली चांगली बातमी खरी कुणी मानावी? त्यांनी ऐकलेलं सोडलं आणि पाहिलेलं धरलं. संतोष ऑपरेशनच्या दिवशी शिफ्टला होता. संध्याकाळी आईनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं आणि त्यानं ते कधी कुणाला पुन्हा विचारलंच नाही. रूपालीला सहा महिन्यांनी कळलं, तेही भांडणात. पुढं हौसाबाईंनी संतोषच्या मागं दुसऱ्या लग्नाचा लकडा लावला आणि रूपालीला आंबेगावकडे माहेरी धाडून दिलं. माहेरी आई नव्हती, भाऊ-भावजय होते. तिथं ती जवळजवळ तीन वर्षं राहिली. संतोषनं दुसरं लग्न केलं नाही. शेवटी तळवड्यात एक खोली घेतली आणि आईला न विचारता बायकोला घेऊन आला. त्यानंतर दहा महिन्यांत ती माझ्यासमोर बसली होती.

"पण पाळी येत होती ना तुला?" मी तिला एकटीला गाठून विचारलं. तुमच्याही मनात हेच आलं असणार.

"सुरुवातीला इंजेक्शनं दिली हुती, तवा बंद हुती. मग आली. कधी दोन महिन्यांनी, कधी तीन." ती पदराशी खेळत राहिली. "पाळी येतीय म्हंजी पिशवी हाय, येवढं मला बी कळतंय. पर सासूबाईंनी ट्रेमधी बगितली हुती ना. मग ह्ये रगत कशाचं? कॅन्सरचंच. वैनीला कळलं आसतं तर तिनं घरात ठिवलं नसतं मला. मी कुणालाच सांगितलं न्हाई."

चार वर्षं ती पोरगी दर पाळीला मरणाची वाट बघत होती.

मग मी हौसाबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "ट्रे दाखवला तेव्हा तुम्ही काही विचारलं नाही का?"

"इचारलं की! म्हणलं, पिशवीच का? त्या सिस्टरनं मान हालवली आन् दार लावून घेतलं."

 थिएटरमध्ये एक मोठी वही असते. कोणतं ऑपरेशन, काय काढलं, कुणाला दाखवलं, कुणी दाखवलं. दुपारी मी वर गेले, त्या वर्षाची वही काढली आणि पान शोधलं. रूपालीच्या नावापुढे 'नातेवाइकांना दाखवले' या रकान्यात सही होती. माझी.

ट्रे दाखवला तो दिवस मला आठवत नाही. यातलं सगळ्यात वाईट हेच आहे. आतून कुणीतरी हाक मारली असेल, हौसाबाईंचं बोलणं टोपीआडून अर्धवट कानावर आलं असेल आणि मी 'हो हो' म्हणून मान डोलावली असेल, तशी दिवसातून दहा वेळा डोलवायचे. टेबलावर पुढची केस असेल. त्या एका मानेनं एका पोरीची पिशवी काढून टाकली, आणि मी घरी जाऊन शांतपणे भाजी चिरली असेल.

सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. प्रत्येक तपासणीला रूपाली यायची, मी मनाशी म्हणायचे, पुढच्या खेपेला. मास्कमुळे हौसाबाईंनी मला ओळखलं नव्हतं, आणि त्या मास्कच्या मागं मी चार महिने लपून बसले. निवृत्तीला आलेली बाई, पण भित्री ती भित्रीच.

हौसाबाईंचा मात्र नूरच बदलला. त्या बोचकं घेऊन तळवड्याच्या खोलीत राहायला आल्या आणि रूपालीला ताटावरून उठू देईनात. गावात कुजबुज सुरू झाली होतीच. पिशवी नसलेल्या बाईला पोर कसं? कुणी म्हणे पोटाला उशी बांधलीय, कुणी त्याहून वाईट बोललं. हौसाबाईंनी शाळेतल्या मास्तरांकडून तो कागद मराठीत लिहून घेतला, तो पदराला बांधला आणि गावातल्या प्रत्येक ओट्यापुढं उभं राहून उलगडला. त्यातला एक शब्द त्यांना फार आवडला होता. "शाबूत!" त्या बोट आपटून सांगायच्या. "वाच, काय लिवलंय? शाबूत हाय माझ्या सुनंची पिशवी. चूक माझ्या डोळ्यांची झाली. तिच्याकडं बोट कराल तर गाठ माझ्याशी हाय." संतोष हे सांगताना पोट धरून हसला होता. ज्या बाईनं तिला घराबाहेर काढलं तीच आता तिच्यासाठी गावाशी भांडत होती.

सातव्या महिन्यात त्यांनी गावी डोहाळजेवण केलं. मला बोलावणं आलं. सीटी स्कॅन थांबवणारी सिस्टर म्हणून माझा मान मोठा. रूपालीच्या शेजारी पाट मांडला होता, त्यावर मला बसवलं, माझीही ओटी भरली. हौसाबाई सगळ्यांना सांगत होत्या, "ह्या बाईनं माझं नातवंड वाचिवलं. हिचं पाय धुऊन प्यायला पायजेत." हिरव्या साडीत रूपाली झाडावरच्या आंब्यासारखी रसरशीत दिसत होती. मी ताटातली पुरणपोळी तशीच ठेवून उठले. त्या दिवशी घरी येताना ठरवलं की बाळंतपणाच्या आत नाही सांगितलं तर मी माणूस म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही.

पिशवीवर जुना टाका असल्यामुळे मॅडमनी सिझेरियनची तारीख ठरवली होती. आदल्या दिवशी सकाळी ती ॲडमिट झाली. मी वॉर्डात गेले. संतोष, हौसाबाई आणि ती, तिघंही होते. मी उभ्यानंच सांगून टाकलं. ट्रे मी दाखवला. मान मी हलवली. वहीत माझी सही आहे, बघायची असेल तर दाखवते. मला माफ करा.

हौसाबाई माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. "तुमी?" मग एकदम आवाज चढला. "आवं, चार वर्सं! चार वर्सं माझ्या घरात दिवा लागला न्हाई, ते तुमच्या मानंपायी?" शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. मी खाली मान घालून उभी. बोलणी खायलाच आले होते. त्या बोलल्या, बरंच बोलल्या, आणि मधेच थांबल्या. पदरानं तोंड पुसलं. मग रूपालीकडं बघत, आवाज पार खाली आणून म्हणाल्या, "मान हिनं हालिवली. पर तुला माहेरी धाडली ती म्या. त्येला कुणी मान हालवाय न्हवतं आलं."

संतोष खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.  रूपालीनं मला विचारलं, "उद्या आत कोण आसंल?"

"दुसऱ्या सिस्टर आहेत. चांगल्या आहेत."

"न्हाई. तुमी या. आन् मी काय इचारलं तर मान हालवायची न्हाई. तोंडानं सांगायचं."

मॅडमना विचारून मी दोन वर्षांनी पुन्हा टोपी-मास्क चढवला. गुडघ्यांना पट्टे बांधले. रूपालीला कमरेखाली भूल दिली होती, ती जागी होती, हिरव्या पडद्याच्या अलीकडे तिचं डोकं आणि माझं स्टूल. मॅडमचा हात झरझर चालला आणि मुलगी बाहेर आली. आली ती एवढ्या आवेशानं रडत आली की भूलतज्ज्ञ म्हणाले, ही कंपनीत युनियन काढणार. तिला पुसून, गुंडाळून रूपालीच्या गालाला लावली. रूपालीनं तिचा वास घेतला, डोळे भरून आले. मग बाळाला बाजूच्या टेबलावर नेलं तसं तिनं माझ्याकडं बघितलं.

"पिशवी?"

मी उठले, पडद्यावरून पलीकडे नीट पाहिलं आणि तिच्या कानाशी वाकले. "आहे. मला समोर दिसतेय. गुलाबी आहे, थोडी जांभळट. मागच्या टाक्याचा व्रण पांढरा दिसतोय, चांगला भरलाय. मॅडम आता शिवतायत."

"आजून सांगा."

"आता पहिली ओळ शिवून झाली. पिशवी आकसायला लागलीय, म्हणजे तिचं काम ती करतेय. दोन्ही बाजूंना बीजांडकोश आहेत, दोन्ही ठीक. आता मॅडमनी ती आत ठेवली. तुझ्या पोटात. जागेवर."

"आजून."

मी सांगत राहिले. शेवटचा टाका पडेपर्यंत सांगत राहिले. सहाय्यक डॉक्टर गालात हसत होते, मॅडम मात्र हसल्या नाहीत, उलट मला दिसावं म्हणून दोनदा हात बाजूला घेतला. पस्तीस वर्षांत दारात उभं राहून मी जेवढं बोलले नसेन तेवढं त्या अर्ध्या तासात बोलले. आणि त्या हॉस्पिटलात माझ्या हातून जे काही चांगलं झालं असेल त्यात ते बोलणं मी पहिलं धरते.

तिसऱ्या दिवशी माझी ड्यूटी संपल्यावर मी वॉर्डात डोकावले. हौसाबाई खाली पेढे वाटायला गेल्या होत्या, रिक्षावाल्यांनाही सोडत नव्हत्या असं कळलं. रूपाली बाळाला घेऊन एकटी बसली होती.  माफी मागितलेलीच होती, आणि तिनं ती दिलेली नव्हती. मी मागण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाळ कुरकुरत होतं, एवढंच म्हटलं, "भूक लागली असेल."

"आत्ताच पाजलंय," ती म्हणाली. माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि बाळ उचलून माझ्या हातात दिलं. "धरा. मी झोपते जरा. चार वर्सं नीट झोपले न्हाई मी."

आणि ती खरंच कुशीवर वळली आणि दोन मिनिटांत घोरायला लागली. मी स्टूल ओढून बसले. घरी सुनेला फोन करून सांगितलं की जेवायला वाट बघू नका, मला उशीर होईल, एका पेशंटची झोप व्हायची आहे.